सहावा रकाना

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. बाबा अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात होते आणि युनियनचं लिहिण्याचं काम त्यांच्याकडे असायचं. छापून आलेले गठ्ठे आमच्या बदलापूरच्या दोन खोल्यांत पलंगाखाली राहायचे. आई घड्या घालायची, मी पन्नास-पन्नासचे गठ्ठे करायचे. शाळेत अजून काना-मात्रा चालू होत्या तेव्हा मला ‘कामगार बंधू-भगिनींनो’ सलग वाचता यायचं.

बाबांचा एक नियम होता. पत्रकाखाली नावं हवीत. एकदा कारखान्याच्या गेटवर कुणीतरी निनावी पत्रक चिकटवलं होतं. मजकूर बाबांच्या बाजूचाच होता. तरी त्यांनी ते फाडलं आणि म्हणाले, “ज्याला नाव लिहायची भीती वाटते त्याने मागणी करू नये.” मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. ते वाक्य मला इतकं आवडलं की पुढची वीस वर्षं मी ते जिथे-तिथे वापरलं. कॉलेजच्या फीवाढीविरुद्ध, पाण्याच्या टँकरवाल्याविरुद्ध, आमच्याच सोसायटीच्या चेअरमनविरुद्ध. आणि मग तेच वाक्य घेऊन मी मोरिवलीला आत्याच्या स्वयंपाकघरात गेले.

या लेखात कुणाचंही नाव नाही. का, ते शेवटपर्यंत वाचल्यावर कळेल.

मी उल्हासनगरमध्ये एका डीटीपीच्या दुकानात काम करते. लग्नपत्रिका, फ्लेक्स, वकिलांच्या नोटिसा. गेल्या वर्षी एका दुपारी कुणीतरी दुकानाच्या ग्रुपवर एक लिंक टाकली. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आमच्या तिन्ही गावांत काउंटर असलेल्या एका पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट त्यात उघडे पडले होते. रक्त, लघवी, थायरॉइड, सगळं. वर शोधायची चौकट. नाव टाका, रिपोर्ट बघा. कुणी केलं, कसं केलं, काही माहीत नाही. मी माझं नाव टाकलं. माझं ड जीवनसत्त्व कमी असल्याची बातमी जगाला उपलब्ध होती. मला हसू आलं. मग मी आत्याचं नाव टाकलं.

मी का टाकलं? याचं उत्तर मी त्यानंतर बऱ्याच जणांना दिलंय आणि प्रत्येकाला वेगळं दिलंय. खरं उत्तर एवढंच, की चौकट होती आणि हात मोकळा होता.

आत्याच्या रिपोर्टवर हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह लिहिलेलं होतं. तारीख वर्षभरापूर्वीची.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. मोरिवलीत दिली. सासरची भातशेती एमआयडीसीत गेली, नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. कारखान्याच्या भिंतीला लागून तिचं घर आहे. त्या घरातून ती डबे करते. कंपन्यांमधले इंजिनिअर, शिफ्टवाले, चिखलोलीच्या नव्या टॉवरमध्ये चौघे-चौघे मिळून राहणारी बाहेरगावची पोरं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, बुधवारी सुकट. दारातल्या फळ्यावर आठवड्याचा मेनू लिहायचं काम मी शाळेत असल्यापासून माझं. आत्याला वाचता येतं, पण लिहायला हात जड. दर रविवारी मी जाणार, खडूने सात ओळी लिहिणार आणि पहिली भाकरी मी खाणार, असा आमचा करार.

एखाद्या बाईचं सगळं आयुष्य तिच्या हाताच्या चवीवर उभं असेल, तर तिच्या रक्तात कावीळ आहे ही बातमी म्हणजे काय, हे मला लगेच कळलं. डब्यातून हा रोग पसरत नाही, हे मी त्याच दुपारी वाचून काढलं. पण लोक वाचून काढत नाहीत. कावीळ म्हटलं की लोकांना पाणी आणि जेवण आठवतं.

दुसऱ्या दिवशी मी मोरिवलीला गेले. आत्या परातीत पीठ मळत होती.

“आत्या, त्या लॅबमधनं माहिती फुटली.”

“फुटली म्हंजे? पाइप हाय का ती?”

“पेपर फुटतो ना, तशी. सगळ्यांचे रिपोर्ट बाहेर आलेत.”

तिचा हात पिठातच थांबला. “माझा पन?”

“सगळ्यांचे.”

“तू वाचलास?”

“नाही,” मी म्हटलं.

ती पुन्हा मळायला लागली. मळता मळता म्हणाली, “मंग बरं. जास्त चर्चा नको करू, बाय. कोन बघतंय येवढ्या हजार लोकांत मोरिवलीची म्हातारी?”

आज मागे वळून बघते तर ती बरोबर होती. तीन आठवडे झाले तरी तिचा एकही डबा बंद झाला नव्हता, म्हणजे तिचं नाव कुणी त्या चौकटीत टाकलं नव्हतं. टाकणारी मी एकटी.

पण माझं डोकं फिरलं होतं. लॅबचे काउंटर रोज सकाळी सातला उघडत होते. काचेवर ‘आपले आरोग्य, आमची जबाबदारी’ असं चिकटवलेलं. मी अंबरनाथच्या काउंटरवर जाऊन विचारलं, तर गुलाबी कोटातली मुलगी म्हणाली, “मॅडम, आम्हाला वरून काहीच सांगितलेलं नाही. उपाशीपोटी आलात का?” कंपनीच्या साइटवर तक्रार अधिकाऱ्याचा पत्ता शोधला, पत्र पाठवलं. तीन दिवसांनी उत्तर आलं. तुमची गोपनीयता आम्हाला मोलाची आहे. तक्रार नोंदवण्यासाठी कृपया आधार कार्डाची प्रत आणि संबंधित रिपोर्ट जोडावा.

मी ते उत्तर दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं. ज्यांच्याकडून माझा कागद रस्त्यावर पडला, ते म्हणतात आणखी दोन कागद द्या! तेव्हा दुकानात एक वकीलसाहेब नोटिशीचं प्रूफ बघत बसले होते. साठीचे सिंधी गृहस्थ, ऑफिस समोरच्या गल्लीत, कापडाच्या दुकानावर. त्यांच्या नोटिसा मीच टाइप करते आणि त्यांच्या मराठीतल्या चुका न विचारता दुरुस्त करते, म्हणून त्यांचा माझ्यावर लोभ.

“साईं, इतना गरम मत हो,” ते म्हणाले. “कोणाचा रिपोर्ट आहे?”

“माझा. आणि माझ्या आत्याचा.”

“बैस. चाय मागव. आणि वही काढ, कारण मी फुकट एकदाच सांगतो.”

त्यांनी सांगितलेलं मी खरोखर वहीत लिहून घेतलं. ते पान अजून माझ्याकडे आहे.

पोलिसांत जाता येतं, सायबरवाल्यांकडे. जरूर जा, तक्रारीची पोच घे, पुढे सगळीकडे कामाला येईल. पण पोलीस चोर शोधणार. चोर कुठल्या देशात बसलाय देव जाणे. कुलूप न लावणाऱ्या मालकाला त्यातून धक्का लागेलच असं नाही.

मग आयटी कायदा. कंपनीने आजारपणासारखी नाजूक माहिती सांभाळण्यात हलगर्जी केली आणि तुझं नुकसान झालं, तर भरपाई मागता येते. त्यासाठी कोर्ट नाही, मंत्रालयात एक मोठे अधिकारी बसतात त्यांच्यापुढे अर्ज. पण नुकसान दाखवावं लागतं. नुसती भीती वाटली, झोप गेली, याने त्यांचं समाधान होईल का, सांगता येत नाही.

“आणि तो नवीन कायदा? पेपरात आलं होतं.”

“नवीन कायदा बढिया आहे. कंपनीला दंड एवढा मोठा की आकडा ऐकूनच चक्कर येईल. लेकिन दंड सरकारच्या तिजोरीत. तुझ्या आत्याला त्यातला रुपया नाही. आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होतोय, आज सगळा चालू नाही. तरी कंपनीला लेखी तक्रार करून ठेव. आधी कंपनी, मग त्या कायद्याखालचं बोर्ड, असा रस्ता आहे.”

शेवटी त्यांनी ग्राहक आयोगाचं नाव घेतलं. ठाण्याला. पैसे देऊन तपासणी केली, पावती आहे, म्हणजे ती ग्राहक. सेवेत त्रुटी. घटनेपासून दोन वर्षांच्या आत जायचं. वकील न लावताही जाता येतं. “हे मी बोललो असं कोणाला सांगू नको,” ते म्हणाले.

“मग तिकडेच जाऊ.”

“जा ना. पहिला कागद कुठला जोडशील?”

“पावती.”

“आणि दुसरा?”

दुसरा कागद म्हणजे रिपोर्ट. जो कुणी बघू नये म्हणून भांडायचं, तोच साक्षांकित करून तीन प्रतींत द्यायचा. एक आपल्याकडे, एक आयोगाला, एक खुद्द कंपनीला.

“नाव झाकायची विनंती करता येते,” वकील म्हणाले. “मंजूर होईल असं लिहून देणार नाही. बघ बेटा, एकटी बाई गेली तर कंपनीचा वकील तिलाच उलटंपालटं विचारेल. एकाच तक्रारीचे दहा-वीस जण असले तर आयोगाची परवानगी घेऊन सगळ्यांच्या वतीने एकत्र जाता येतं. मग रिपोर्ट कोणाचा, हा मुद्दा मागे पडतो.”

त्यांच्या सगळ्या बोलण्यातलं मी हे एकच ऐकलं. दहा-वीस जण. माणसं गोळा करणं तर आमच्या घरचं काम होतं!

त्या रात्रीच पत्रक तयार. मथळा मोठा, खाली मुद्दे, शेवटी बाबांच्या प्रत्येक पत्रकाखाली असायची ती ओळ, ‘वाचा आणि इतरांना वाचायला द्या’. सोबत सह्यांचा तक्ता. अनुक्रमांक, नाव, पत्ता, मोबाइल, तपासणीची तारीख, फुटलेली माहिती, सही. असे सात रकाने. सहावा मी मुद्दाम घातला. सगळ्यांची तक्रार एकच आहे हे आयोगाला दाखवायचं तर कुणाचं काय फुटलं ते हवं, असा माझा हिशेब.

बाबांनी वाचून पाहिलं, दोन ठिकाणी स्वल्पविराम घातले आणि म्हणाले, “पहिली सही घरातली पाहिजे. नाहीतर लोक म्हणतात, स्वतः मागे राहून आम्हाला पुढे करतात.”

रविवारी फळा लिहून झाल्यावर मी तक्ता आत्यापुढे ठेवला.

“कसली सही गो?”

“लॅबच्या विरुद्ध. सगळे मिळून तक्रार करायची.”

“वर काय लिवलंय?”

“तुझं नाव, पत्ता, फोन.”

“आनि हे मोकलं?”

“ते नंतर.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पदराला हात पुसून सावकाश सही केली. “दादाची पोर तू,” ती म्हणाली, “तुना नाय म्हनून उपेग नाय.”

दुसरी सही माझी. माझ्या सहाव्या रकान्यात मी ड जीवनसत्त्व लिहिलं. मग तक्त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि त्या फिरवायला निघाले. पहिल्या दिवशी नऊ सह्या मिळाल्या, आणि नऊच्या नऊ जणांनी सहावा रकाना मोकळा सोडला. मला कारण माहीत होतं. पत्रकांच्या घरात वाढलेल्या कुणालाही माहीत असतं. पहिली ओळ मोकळी असली की खालच्या सगळ्या मोकळ्या राहतात. लोक वर बघून लिहितात.

म्हणून रिक्षात बसल्या बसल्या, मांडीवर कागद ठेवून, मी आत्याच्या ओळीत लिहिलं: हिपॅटायटिस बी.

मला तेव्हा वाईट वाटलं नाही. हे लिहायला मला फार वेळ लागला, पण खरं तेच आहे. मला अभिमान वाटला. माझी आत्या घाबरत नाही, असं मी स्वतःच्या अक्षरात लिहिते आहे, असं वाटलं. त्याच्या पुन्हा झेरॉक्स काढल्या. एक प्रत मोरिवलीच्या गिरणीत, एक बदलापूरला वाचनालयाच्या टेबलावर, एक चिखलोलीच्या एका मोठ्या सोसायटीत वॉचमनच्या केबिनमध्ये. त्या सोसायटीत लॅबचं शिबिर झालं होतं, म्हणून तिथे सह्या जास्त मिळतील.

आत्याचे सर्वांत जास्त डबे त्याच सोसायटीत जायचे. हे मला माहीत नव्हतं असं नाही.

बुधवारी आत्याचा फोन आला. ती फोनवर कधीच जास्त बोलत नाही. “ये,” एवढंच म्हणाली.

मी पोचले तेव्हा दुपारचा एक वाजला असेल. एरवी त्या वेळी तिच्या ओट्यावर एकही डबा नसतो, सगळे बाहेर. त्या दिवशी तिघा-चौघांचे सोडले तर सगळे ओट्यावर होते, घासून पालथे घातलेले. सुकटीचा वास मात्र घरभर. स्वयंपाक झाल्यावर निरोप आले होते. एकाची आई गावाहून येणार होती. एकाला डॉक्टरने तेलकट बंद सांगितलं होतं. एकाने नुसतं ‘उद्यापासून नको आंटी’ असं लिहून खाली हात जोडलेलं चित्र टाकलं होतं. एकाने, हा सर्वांत प्रामाणिक, सोसायटीच्या ग्रुपवर फिरलेला फोटोच पाठवला होता.

आत्याने फोन माझ्यासमोर धरला. माझा तक्ता. वॉचमनच्या टेबलावरून काढलेला, एका कोपऱ्यात चहाचा पेला. पहिल्या ओळीभोवती कुणीतरी लाल गोल केला होता. खाली लिहिलं होतं, ‘आपल्याकडे हिचेच डबे येतात. कृपया काळजी घ्या.’

“ह्ये अक्षर कोनाचं?” आत्याने विचारलं.

दाराबाहेर फळ्यावर त्याच अक्षरात ‘बुधवार – सुकट, भाकरी, सोलकढी’ लिहिलेलं होतं.

“तू तर बोललीस, वाचला नाय.”

“आत्या, मी...”

“सही केली तवा ते मोकलं होतं.”

“हो.”

“मंग मना इचारलं का नाय?”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने मला पाटावर बसवलं आणि ताट वाढलं. मी जेवले. उठून जाण्याचा हक्क मला नव्हता.

तिथून मी तडक चिखलोलीला गेले. माझ्यात अजून पुष्कळ आग शिल्लक होती आणि ती दुसऱ्या कुणावर तरी ओतायची होती. सोसायटीचा सेक्रेटरी खालीच भेटला. पन्नाशीचा, टी-शर्ट, हातात पार्किंगचे स्टिकर.

“दुसऱ्याच्या आजाराची माहिती ग्रुपवर टाकता? कायदा माहितीये का तुम्हाला?” मी सुरुवातच वरच्या पट्टीत केली.

“मॅडम, हळू. कागद कोणाचा?”

“माझा.”

“ठेवला कोणी?”

“मी.”

त्याने केबिनमधून पत्रक आणलं आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. “वाचा आणि इतरांना वाचायला द्या. मी दिलं. आता बोला.”

वॉचमन हसू दाबत गेटकडे बघत उभा राहिला. मी तक्ता उचलला आणि निघाले. पुढच्या दोन दिवसांत गिरणीतली आणि वाचनालयातली प्रत घेऊन आले. गिरणीतल्या तक्त्यावर सह्या करणाऱ्यांनी स्वतःची नावं खोडून खोडून काळी केली होती. एका बाईने तर कागदाचा तेवढा तुकडाच फाडून नेला होता. तिला निदान कळलं होतं काय करायचं ते.

बाबांना मी सगळं सांगितलं. ते चष्मा काढून बराच वेळ काचा पुसत बसले. मला वाटलं होतं म्हणतील, चळवळीत असं होतं. ते म्हणाले, “सही झाल्यावर कागदात अक्षर घालायचं नसतं. ते मॅनेजमेंट करतं.”

त्यानंतर मी एक मूर्खपणा आणखी केला. रोज दुपारी सुट्टी टाकून मोरिवलीला जायचे, आत्याकडून डबा घ्यायचे आणि तिच्या घराशेजारच्या कारखान्याच्या गेटसमोर, सगळ्या शिफ्टला दिसेल अशी, कट्ट्यावर बसून खायचे. चौथ्या दिवशी आत्या स्वतः तिथे आली. माझ्या मांडीवरचा डबा उचलला, झाकण लावलं.

“माझ्या जेवनाचं प्रदर्शन नको मांडू,” ती म्हणाली. “भूक लागली तर घरी येऊन खा.”

सगळ्यांसमोर उठून मी तिच्या मागोमाग घरी गेले.

वकिलांकडे मी फोटो, तक्ता, कंपनीचं उत्तर, सगळं नेलं. त्यांनी एकेक कागद लांब धरून बघितला.

“लिंक कधी आली?”

मी तारीख सांगितली.

“डबे कधी बंद झाले?”

मी तीही सांगितली.

“मधले तीन आठवडे?”

“चालू होते.”

“तर कंपनीचा वकील उभा राहून हेच तीन प्रश्न विचारणार. याच क्रमाने. मग आयोगाला विचारेल, डबे आमच्या लिंकने बंद पडले की यांच्या तक्त्याने? तू काय सांगशील?”

“माझ्या तक्त्याने.”

“मी नाही बोललो. तू बोललीस.” त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “तक्रार मरत नाही. माहिती सांभाळली नाही, फुटल्यावर कळवलं नाही, ही त्रुटी आहेच, त्यावर जाऊ. पण डब्यांचं नुकसान त्यात घातलं की सगळा खटला त्याच तक्त्यावर येऊन बसेल. ते सोडावं लागेल. डब्यांच्या नुकसानीसाठी तिला कोणाविरुद्ध जायचं असेल तर...”

त्यांनी पंख्याचं बटण उगाचच बंद-चालू केलं.

“माझ्याविरुद्ध,” मी म्हटलं.

“मैंने ये भी नहीं बोला.”

म्हणजे असं झालं होतं. आत्याचं जे खरोखर गेलं, ते कंपनीकडे मागता येत नव्हतं, कारण ते मी घालवलं होतं. आणि कंपनीने जे केलं, त्याने आत्याचं काही गेलं नव्हतं, असं कंपनी म्हणू शकत होती, कारण तीन आठवडे डबे चालू होते. त्या कंपनीला सुटायला वाट हवी होती. ती वाट मी माझ्या हाताने, सात रकाने आखून, तयार करून दिली होती.

मी हे आत्याला सांगायला गेले तेव्हा माझी तयारी होती की ती म्हणेल, सोड आता. मीही सोडलं असतं. खरं तर मला तेच हवं होतं. तक्रारच झाली नाही तर मला कुणापुढे काही कबूल करावं लागलं नसतं.

तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, “आता कोनापासून लपवायचं राह्यलंय?”

तिने बोटं मोजायला सुरुवात केली.

“मोरिवलीला ठावं हाय. चिखलोलीला ठावं हाय. लॅबवाल्यांना तर आधीपासून ठावं. मंग मी कागद द्यायला कशाला घाबरू? चल, वकिलाकरं घेऊन चल मना.”

गेल्या महिन्यात एका शनिवारी आम्ही उल्हासनगरला गेलो. आत्या निळी नऊवारी नेसली होती, लग्नाला नेसते ती. वकिलांच्या जिन्यावर कापडाचे तागे रचलेले, एका वेळी एकच माणूस जाईल एवढी वाट. वर गेल्यावर वकिलांनी तिला ‘बहेनजी’ म्हणून खुर्ची दिली आणि माझ्यासाठी स्टूल ओढलं. मी बसणार तेवढ्यात आत्या म्हणाली, “तू भायेर थांब.”

“आत्या, तुला कायद्याचं सगळं...”

“मी इचारीन त्यांना. तू भायेर थांब.”

वकिलांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी बाहेर आले. दार लागलं.

जिन्याच्या वरच्या पायरीवर मी जवळजवळ तासभर बसले. आतून बोलणं ऐकू यायचं पण शब्द कळायचे नाहीत. आत्याचा आवाज सलग येत होता. ती एवढं सलग बोलू शकते हे मला माहीत नव्हतं. मधेच वकील “हां, हां” करायचे. मग टाइप करायचा आवाज. ते काम एरवी माझं. एकदा आत्या हसल्यासारखी वाटली.

ती माझ्याविषयी सांगते आहे का, हे मला कळायला हवं होतं. तिने मला आत घातलं असेल का? प्रतिज्ञापत्रात ‘माझ्या भाचीने’ असं वाक्य असेल का? असेल तर ते बरोबरच होतं, आणि नसेल तर ती मला वाचवत होती, म्हणजे ते आणखी वाईट. मी उठून दाराशी गेले. दाराला कान लावला असता तर ऐकू आलं असतं. दार पातळ प्लायवूडचं होतं. मी हात कडीवर ठेवला, मग परत येऊन पायरीवर बसले. त्या दुपारी एवढंच काय ते मला जमलं.

दार उघडलं तेव्हा वकील म्हणत होते, “प्रत्येक पानावर सही झाली ना, बहेनजी? रिपोर्टवरपण?”

“झाली,” आत्या म्हणाली.

तिने माझ्या हातात फाइल दिली. खाकी, लाल दोरीने बांधलेली. सोमवारी ती ठाण्याला दाखल व्हायची होती. “सांभाळून धर,” ती म्हणाली. “उघडू नको.”

“नाही उघडणार.”

तिने माझ्याकडे बघितलं. असंच ‘नाही’ मी पूर्वीही एकदा म्हटलं होतं, पिठाच्या परातीसमोर.

परतीच्या रिक्षात फाइल माझ्या मांडीवर होती. अंबरनाथपर्यंत रस्त्याला खड्डे आहेत, प्रत्येक खड्ड्याला दोरीची गाठ थोडी सैल व्हायची आणि मी ती परत ओढून घट्ट करायचे. आत्या बाहेर बघत होती. सध्या तिच्याकडे अकरा डबे आहेत; पूर्वी चाळीसेक असायचे. दुसऱ्या दिवशी रविवार होता, म्हणून मी विचारलं, “फळा लिहायला येऊ?”

“मीच लिवते आता,” ती म्हणाली. “वाकडं येतं. पन वाचता येतं लोकांना.”

हा मजकूर मी बाबांना वाचायला दिला. त्यांनी स्वल्पविराम घातले नाहीत. शेवटचं पान उलटून पाठीमागे काही आहे का ते बघितलं आणि विचारलं, “खाली नावं कुठायत?”

मी म्हटलं, आत्याला विचारल्याशिवाय नाही. तिला अजून विचारलेलं नाही.